शिलाई मशीनची जाहिरात आपल्या मागे मागे का फिरते?



हल्ली बचत गटाच्या बैठकीला गेलो की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. मोबाइलवर एका दुकानाच्या वेबसाइटवर शिलाई मशीन बघितलं, किंमत बघितली, परवडत नाही म्हणून बंद करून टाकलं. संध्याकाळी बातम्या वाचायला दुसरीच वेबसाइट उघडली, तर बातमीच्या मधोमध तेच मशीन. दुसऱ्या दिवशी लोणच्याचं प्रमाण बघायला तिसरीकडे गेलो, तर तिथेही तेच हजर. मग बायका आवाज खाली करून विचारतात, "मोबाइल आपलं बोलणं ऐकतो का हो?"

यासाठी त्याला बोलणं ऐकायची गरजच पडत नाही. हे काम कुकी नावाच्या एका बारीकशा चिठ्ठीवर होतं. ही चिठ्ठी काय असते, एका वेबसाइटची गोष्ट दुसरीला कशी कळते आणि घरात एकच मोबाइल सगळ्यांत मिळून असेल तर बाईमाणसाने कुठे जपायचं, हे आज जरा निवांत समजून घेऊ.

मोठ्या देवळात गेलो की बाहेर चप्पल ठेवतो. तिथला माणूस चप्पल फळीवर ठेवतो आणि आपल्या हातात एक बिल्ला देतो. बिल्ल्यावर आपलं नाव नसतं, गाव नसतं, नुसता आकडा असतो. दर्शन करून आलो की बिल्ला दाखवायचा, तो बरोबर आपलीच चप्पल काढून देतो. शेकडो बायकांच्या गर्दीत आपला चेहरा त्याच्या लक्षात राहिलेला नसतो. लक्षात ठेवायचं काम बिल्ला करतो.

कुकी म्हणजे असाच बिल्ला. आपण मोबाइलवर ज्या ॲपमधून वेबसाइट उघडतो, त्याला ब्राउझर म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक मोबाइलवर तो क्रोम असतो. वेबसाइट पहिल्यांदा उघडली की ती या ब्राउझरच्या हातात एक छोटा मजकूर ठेवते. बहुतेक वेळा तो एक लांबलचक आकडाच असतो. एका कुकीत साधारण चार हजार इंग्रजी अक्षरं मावतात, त्यापेक्षा जास्त नाही. पुढच्या वेळी तीच वेबसाइट उघडली की ब्राउझर आपण होऊन तो बिल्ला पुढे करतो. मग वेबसाइट म्हणते, अच्छा, या त्याच ताई, यांनी काल पिशवीत दोन साड्या टाकल्या होत्या.

याची गरज पडली, कारण वेबसाइटला स्वतःची आठवण नसते. एक पान दाखवलं की ती आपल्याला विसरते. दुसरं पान मागितलं की तिच्या लेखी आपण नवखेच. १९९४ साली अमेरिकेतल्या नेटस्केप या कंपनीत लू मॉन्टुली नावाचा एक तरुण काम करायचा. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाइकाने काय काय निवडलं ते लक्षात कसं ठेवायचं, ही अडचण त्याच्यापुढे होती. त्यावर त्याने हा बिल्ला काढला. संगणकवाल्यांमध्ये 'मॅजिक कुकी' असा एक शब्द आधीपासून होता, त्यावरून त्याने हे नाव ठेवलं. खायच्या बिस्किटाशी त्याचा काही संबंध नाही. काही जणी कुकीला व्हायरस समजतात, तसंही नाही. कुकी आपले फोटो उघडू शकत नाही, फोनमधले नंबर वाचू शकत नाही.

आता महत्त्वाचा नियम. ज्या वेबसाइटने बिल्ला दिला, तिलाच तो परत दिसतो. साडीच्या दुकानाचा बिल्ला बँकेला दिसत नाही आणि बँकेचा साडीवाल्याला दिसत नाही. ब्राउझर वेबसाइटचा पत्ता बघतो आणि त्या पत्त्याचेच बिल्ले पुढे करतो. हा नियम नसता तर कुठल्याही भुरट्या वेबसाइटने आपला बँकेचा बिल्ला उचलला असता.

मात्र एकाच मोठ्या पत्त्याखाली अनेक खोल्या असतील, तर वाड्याच्या नावाने दिलेला बिल्ला सगळ्या खोल्यांत चालतो. गूगलची मेल आणि गूगलचे नकाशे हे एकाच वाड्यातले, म्हणून एकीकडे नाव सांगितलं की दुसरीकडे परत विचारत नाहीत. पण यूट्यूब हा पत्त्याने वेगळा वाडा आहे. तरी मेलमध्ये शिरलो की यूट्यूबही आपल्याला ओळखतं. ते कसं काय?

ग्रामपंचायतीचा दाखला आठवा. तहसील कार्यालयातला कारकून काही आपल्या ग्रामपंचायतीचं रजिस्टर उघडून बघत नाही. ग्रामपंचायत आपल्या हातात सही-शिक्क्याचा कागद देते, तो आपण तहसीलला नेऊन दाखवतो, तिथला कारकून खात्री करतो आणि मग स्वतःच्या वहीत स्वतःची नोंद करतो. दोन वेगळ्या पत्त्यांच्या वेबसाइटही असंच करतात. पहिली आपल्याला क्षणभर दुसरीकडे पाठवते, सोबत एक तात्पुरता दाखला देते. दुसरी तो तपासते आणि स्वतःचा वेगळा बिल्ला देते. हे पापणी लवायच्या आत होतं, म्हणून आपल्याला वाटतं एकच बिल्ला सगळीकडे चालला. खरं तर प्रत्येकीचा बिल्ला निराळा असतो.

मग शिलाई मशीनचं काय? दुकानाचा बिल्ला बातम्यांच्या वेबसाइटला दिसत नाही असं आत्ताच म्हटलं. तरी तिथे मशीन आलंच.

आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणा. कापडवाला, भांडीवाला, औषधवाला, प्रत्येकाचं दुकान वेगळं. पण समजा प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात एकाच कंपनीचा माणूस वही घेऊन बसलाय. दुकानदाराने त्याला जागा दिली आहे, कारण तो जाहिरातीचे पैसे आणून देतो. आपण कापडाच्या दुकानात शिरलो की कापडवाला आपला बिल्ला देतो आणि कोपऱ्यातला माणूसही गुपचूप त्याचा एक बिल्ला आपल्या पिशवीत टाकतो, समजा क्रमांक ७३१. पुढच्या दुकानात त्याच कंपनीचा दुसरा माणूस पिशवीत तो बिल्ला बघतो आणि वहीत लिहितो, ७३१ नंबरची बाई इथेही आली. कापडवाल्याचा बिल्ला त्याला दिसलेला नाही. नियम काही मोडला नाही. पण सगळ्या दुकानांची वही मात्र एकच आहे.

वेबसाइटवर हा कोपऱ्यातला माणूस म्हणजे जाहिरातीची चौकट. आपण बातम्यांचं पान उघडतो, पण त्यातला जाहिरातीचा तुकडा दुसऱ्याच कंपनीच्या पत्त्यावरून येतो. येताना तो आपला बिल्ला मागतो आणि देतोही. याला तिसऱ्या पक्षाची कुकी म्हणतात. एक पक्ष आपण, दुसरी ती वेबसाइट आणि हा तिसरा आगंतुक. कधी कधी तर चौकटही दिसत नाही. पानावर टिंबाएवढं अदृश्य चित्र ठेवलेलं असतं, त्याला पिक्सेल म्हणतात. ते आणण्याच्या निमित्ताने पत्ता आणि बिल्ला दोन्ही पोचतात.

जाहिरात कंपन्याही अनेक असतात. प्रत्येकीची वही वेगळी, बिल्ला वेगळा. म्हणून त्या आपसात सांगड घालतात. "तुमची ७३१ नंबरची बाई ती आमची ५०८," असं त्या एकमेकींना कळवतात. आपला ब्राउझरच हा निरोप्याचं काम करतो, तेही आपल्याला न सांगता. एकदा ही जुळणी झाली की दोन वह्यांची एक वही करता येते.

या धंद्यातली जुनी आणि मोठी कंपनी म्हणजे डबलक्लिक. २००७ साली गूगलने ती ३१० कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं आणि २००८ मध्ये व्यवहार पुरा झाला. नुसत्या जाहिरातीच्या चौकटींना एवढी किंमत कुणी देत नाही. किंमत होती ती हजारो दुकानांच्या कोपऱ्यांत बसायच्या जागेची.

या वहीला सगळंच कळतं असंही नाही. तुम्ही तेच मशीन बाजारपेठेतल्या दुकानातून रोख पैसे देऊन आणलं, तर वहीवाल्याला त्याचा पत्ताच नसतो. तो बिचारा महिनाभर तुम्हाला तेच मशीन दाखवत बसतो.

शिलाई मशीन दिसलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पण आपल्याकडे मोबाइल एकटीचा नसतो. दुपारी तो सुनेच्या हातात, संध्याकाळी मुलाच्या अभ्यासाला, रात्री नवऱ्याकडे. बिल्ला माणसाला नाही, ब्राउझरला मिळालेला असतो. दुपारी कुणी बघितलं आणि रात्री कुणाच्या हातात आहे, हे त्याला कळत नाही. दुपारी एखादीने पाळी चुकल्यावर करायच्या तपासणीच्या पट्टीची किंमत बघितली. अजून तिने घरात कुणाला सांगितलेलं नाही. रात्री सासरे क्रिकेटचा स्कोअर बघायला बसतात आणि बाजूला बाळाच्या दुपट्यांची जाहिरात येते. कुणी चुगली केली नाही, तरी चुगली झाली. गर्भपिशवीचा त्रास, कर्ज, दुसरीकडे नोकरी शोधणं, मारहाणीविरुद्ध मदत कुठे मिळते ते बघणं, या सगळ्या गोष्टी बाई आधी एकटीने चाचपून बघत असते. तिचा तो एकटेपणा जपला जायला हवा, असं आमचं ठाम मत आहे.

हे घरापुरतंच राहत नाही. अमेरिकेत गुडआरएक्स नावाची कंपनी औषधांवर सवलतीची कुपनं देते. लोक तिच्या वेबसाइटवर कुठल्या औषधांची, कुठल्या आजारांची चौकशी करतात ही माहिती तिने फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांकडे जाऊ दिली, असा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०२३ च्या फेब्रुवारीत ठेवला. माहिती गेली त्यात आत्ताच सांगितलेल्या पिक्सेलचाही हात होता. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण १५ लाख डॉलर दंड भरायला ती तयार झाली. औषधाचं नाव कळलं की आजार कळतोच, त्याला वेगळी चुगली लागत नाही.

ब्राउझर बनवणाऱ्यांनी यावर काय केलं? ॲपलच्या सफारीने २०२० मध्ये तिसऱ्या पक्षाच्या कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून संगणकावर दर वेबसाइटसाठी वेगळी बरणी ठेवली. कोपऱ्यातल्या माणसाने एका दुकानात दिलेला बिल्ला त्याच बरणीत राहतो, दुसऱ्या दुकानात दिसत नाही. गूगलनेही २०२० मध्ये सांगितलं होतं की दोन वर्षांत क्रोममधून या कुकी काढून टाकू. मग तारीख पुढे गेली, परत गेली आणि २०२४ च्या जुलैमध्ये तो बेत सोडून दिला. ज्याचा धंदा जाहिरातीचा, त्यानेच ब्राउझर बनवलेला, तेव्हा आम्हाला याचं फार नवल वाटलं नाही. आपल्या हातात क्रोम आहे, म्हणून आपलं आपण करायचं.

करणं अवघड नाही. क्रोम उघडा. वर कोपऱ्यात तीन टिंबं आहेत, ती दाबा. सेटिंग्जमध्ये जा, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात तृतीय पक्ष कुकी असं मिळेल. तिथे ब्लॉक करा हा पर्याय निवडा. मोबाइलप्रमाणे शब्द थोडे इकडेतिकडे असतील. याने साधी कुकी चालू राहते, फक्त कोपऱ्यातल्या माणसाचा बिल्ला बंद होतो. कधीतरी एखादी वेबसाइट, विशेषतः पैसे भरायचं पान, अडखळेल. तेवढ्यापुरती परवानगी द्यायची आणि काम झालं की परत बंद करायची.

खाजगी काही बघायचं असेल तर त्याच तीन टिंबांत नवीन गुप्त टॅब असतो. त्यात उघडलेल्या वेबसाइटचे बिल्ले सगळे गुप्त टॅब बंद केल्यावर फेकले जातात आणि काय बघितलं त्याची यादीही क्रोममध्ये राहत नाही. पण टॅब बंद करायला विसरू नका. काही उतरवून घेतलं असेल तर ते फोनमध्ये राहतं. गुप्त टॅबमध्ये शिरून स्वतःच्या खात्यात लॉग इन केलं, तर त्या खात्याच्या कंपनीला आपण कोण ते कळतंच. नेट पुरवणाऱ्या कंपनीपासूनही हा टॅब काही लपवत नाही. तो घरातल्या माणसांपासूनचा आडोसा आहे, जगापासूनचा नाही.

जुने बिल्ले काढायचे तर ब्राउझिंग डेटा हटवा असा पर्याय आहे. त्यात कुकी आणि साइट डेटा यावर खूण करायची. मात्र थांबा. हे केलं की आपण बहुतेक वेबसाइटवरून बाहेर पडतो आणि परत शिरायला पासवर्ड लागतो. कित्येकींचा पासवर्ड मुलीने किंवा भाच्याने टाकून दिलेला असतो, आपल्याला माहीतही नसतो. आधी पासवर्ड माहीत करून घ्या, मगच कुकी काढा. आणि हे सगळं ब्राउझरपुरतं झालं. फेसबुक, खरेदीचं ॲप, गेमचं ॲप यांची मागोवा घ्यायची तऱ्हा वेगळी आहे, त्यावर पुढे कधीतरी वेगळं बोलू.

आता त्या बिल्ल्याकडे वळू ज्याची आम्हाला जाहिरातीपेक्षा जास्त काळजी वाटते. आपण नाव, पासवर्ड, ओटीपी टाकून आत शिरतो, तेव्हा वेबसाइट एक खास बिल्ला देते. "ही बाई तपासून आत घेतली आहे" असा त्याचा अर्थ. त्यानंतर दर पानाला ओटीपी विचारत नाहीत, बिल्ला बघून सोडतात. म्हणजे ओटीपी कुणाला सांगू नका हे आपण पाठ केलं, ते योग्यच. पण दार उघडं टाकून आलो तर कुलपाचा उपयोग काय?

ऑनलाइन सेवा केंद्रात अर्ज भरायला जातो, तिथल्या संगणकावर आपला मेल उघडतो, पावती छापतो, पैसे देतो आणि निघतो. बिल्ला त्या संगणकात तसाच. मागून येणाऱ्याने तीच वेबसाइट उघडली तर तो थेट आपल्या खात्यात शिरू शकतो. त्याला ओटीपी मागितला जाईलच असं नाही. खिडकी बंद केली म्हणजे झालं, असं समजू नका. बँका आपला बिल्ला काही मिनिटांत रद्द करतात, पण मेलसारख्या ठिकाणी तो महिनोन्‌महिने टिकतो. क्रोममध्ये कुकीला ४०० दिवसांपर्यंतची मुदत मिळू शकते. लॉग आउट किंवा साइन आउट दाबलं, की चांगली वेबसाइट तो बिल्ला तिच्या बाजूनेही खोडून टाकते. केंद्र चालवणारा दादा ओळखीचा असला तरी "दादा, माझ्यासमोर लॉग आउट करा" म्हणायला लाजू नका. गटाच्या मोबाइलवर अध्यक्ष किंवा सचिव बदलल्या, तर तोही पासवर्ड बदलायचा दिवस समजा. पासवर्ड बदलताना सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा असा पर्याय दिसला, तर तो घ्या. मग जुने बिल्ले कुठेही पडलेले असोत, ते चालत नाहीत.

राहिली ती पाटी. वेबसाइट उघडली की खालून वर येते, "आम्ही कुकी वापरतो". सर्व स्वीकारा हे मोठं रंगीत बटण आणि नाकारा कुठेतरी बारीक अक्षरात, नाहीतर दोन-तीन पानं आत. ही पाटी मुळात युरोपातल्या कायद्यांमुळे आली. परवानगी घ्या, असं कायद्याने सांगितलं, तर कंपन्यांनी होकार सोपा आणि नकार अवघड करून ठेवला. फ्रान्समधल्या सरकारी संस्थेने नेमक्या याच कारणासाठी २०२२ च्या जानेवारीत गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचं जाहीर केलं. नकार देणंही होकाराइतकंच सोपं असलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. पाटी आली की घाई करू नका. फक्त आवश्यक कुकी असा पर्याय असेल तर तो दाबा. वेबसाइट तेवढ्यावर चालते.

आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आहे आणि त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असावं, असं त्यात लिहिलं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे. आणखी एक तरतूद आम्हाला फार मोलाची वाटते. संमती मागताना जी सूचना द्यायची, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय कंपनीने द्यायची आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे. इंग्रजी पाटी समजली नाही म्हणून हो म्हणून टाकलं, असं बैठकीत कितीतरी जणी सांगतात. तशी पाटी आली तर भाषा बदलायची जागा शोधा. नाही सापडली तर त्या पाटीचा फोटो काढून आमच्याकडे पाठवा. पुढच्या भागात अशा पाट्या आम्ही एकेक करून मराठीत वाचून दाखवणार आहोत.